चौतिसावा मजला

मुग्धा साठेचं काम असं की ज्या इमारती अजून उभ्याच राहिलेल्या नाहीत, त्यांच्यात तिने माणसं फिरवायची. दुबईतल्या एका कंपनीत ती बिल्डरांसाठी वॉकथ्रू बनवायची. बिल्डर नकाशे आणून टाकायचा आणि मुग्धा कॉम्प्युटरवर त्याच्या टॉवरच्या लॉबीत कारंजी उडवायची, गच्चीवर खजुराची झाडं लावायची, लिफ्टमधून हसरी जोडपी बाहेर काढायची. २००८ची दिवाळी झाली आणि बिल्डरांचे फोन येईनासे झाले. फेब्रुवारीत कंपनीच बंद पडली. नवरा सुजीत औषधांच्या एका कंपनीत होता, त्याची नोकरी टिकली, म्हणून त्यांना परत जावं लागलं नाही. मुलगी ओवी ऊद मेथातल्या शाळेत दुसरीत होती. मुग्धा घरी बसली.

खरं सांगायचं तर तिला ते वाईट वाटलं नाही. कॉलेजपासून तिला एकच वेड होतं: कुठल्या तरी कोपऱ्यात एकट्याने बसून लोकांनी केलेल्या छोट्या छोट्या ॲनिमेशन फिल्म्स. इंटरनेटवर अशा लोकांचा एक फोरम होता. तिथे एस्टोनियातल्या एका माणसाने सोललेल्या बटाट्यावर चार मिनिटांची फिल्म केली होती आणि ती पाहून मुग्धा रडली होती. तिथलीच पोरं घरबसल्या गेम बनवायची, एकमेकांना फुकट खेळायला द्यायची. बारा वर्षं मुग्धा नुसती बघत आली होती. आता तिने चित्र काढायचा टॅब्लेट घेतला. "सातशे दिरहॅम? म्हणजे नऊ हजार रुपये!" असं सुजीत म्हणाला, पण हसून. ओवी शाळेत गेली की मुग्धा काढत बसायची. माणसं जमायची, हालचाल जमायची. गोष्ट काही सुचेना.

गोष्ट भेटली ती खाली, स्कूलबसच्या थांब्यावर.

त्यांच्या बिल्डिंगला लागूनच एक टॉवर एकोणिसाव्या मजल्यावर थांबलेला होता. वर गजांची टोकं तशीच उघडी, खाली पत्र्याचं कुंपण. कुंपणाच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पन्नाशीचा एक राखणदार बसायचा. एकदा मुग्धा ओवीला बुटांच्या नाड्यांवरून रागावत होती, तेव्हा तो एकदम उठून जवळ आला.

"ताई, तुमी आमच्याकडल्या काय?"

"मी पुण्याची. तुम्ही?"

"दापोली. हर्णैच्या अलीकडं. अलीमियाँ माझं नाव." बोलता बोलता त्याचा चेहरा असा फुलला की मुग्धालाही हसू आलं. "दीड वर्ष झालं ताई, मराठीत कोण रागावलेलं ऐकलं नव्हतं."

तेव्हापासून बस गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं ती तिथे थांबू लागली. कधी उपम्याचा डबा द्यायची. अलीमियाँ पूर्वी याच टॉवरवर क्रेनवाल्याला हाताने इशारे द्यायचा. काम थांबलं, बाकीच्यांना घरी पाठवलं, त्याला तेवढं राखणीला ठेवलं. मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात तो राहायचा, आझमगडच्या इद्रीसबरोबर एका खोलीत, बारा वर्षं. त्याच्या बीपीच्या गोळ्याही इद्रीसच आणून द्यायचा. आणि गोष्ट सांगण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ओठ न हलवता क्रेनचा आवाज काढायचा, मुकादमाची नक्कल करायचा.

एकदा सांगताना तो स्वतःच आधी हसला.

"घरी म्हायती नाय ताई, काम बंद पडलंय ते. घरवालीला, हव्वाबीला सांगितलंय, मी फोरमन झालो. मग ती इचारणार, किती मजले झाले? म्हणून मी पण दर म्हयन्याला फोनवर एक मजला चढवतो. 'आज चौतिसावा टाकला बघ!' इथं मी एकटा, वर कावळा. आता भीती एकच. टॉवर चाळीस मजल्यांचा. संपला की काय करू?"

"मग?"

"गच्चीवर पाण्याची टाकी बसवीन. तिला सहा म्हयने लावीन."

मुग्धा पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी ती छोटा रेकॉर्डर घेऊन आली. "चाचा, कालचं पुन्हा सांगाल? मी कार्टून करते ना, त्यात तुमचा आवाज घालू?"

"बेबीसाठी?" त्याने ओवीच्या बसकडे पाहिलं. "घाला की. आवाजाला काय भाडं पडतं?"

ओवीसाठी नाही, हे मुग्धाला तिथेच सांगता आलं असतं. ती म्हणाली, "थँक्यू चाचा," आणि लाल बटण दाबलं.

फिल्म पावणेचार मिनिटांची झाली. लांब नाकाचा एक राखणदार, खुर्ची, कानाला फोन. तो बोलतो तसतसे त्याच्या मागे पेन्सिलीच्या रेघांचे मजले आकाशात चढत जातात, तिथे खिडक्या उघडतात, पडदे उडतात. फोन ठेवला की सगळं आवाज न करता विरून जातं. बारा वर्षं जे करायचं होतं ते झालं होतं, हे तिला स्वतःलाच कळत होतं. नाव दिलं 'चौतिसावा', खाली इंग्रजी अक्षरं घातली आणि एप्रिल २०१०मध्ये यूट्यूबवर टाकली. फोरमवरचे चाळीसेक जण बघतील असा तिचा हिशेब होता.

एस्टोनियावाल्याने ती आपल्या ब्लॉगवर लावली. मग पुण्यातल्या कोणी तरी ईमेलमधून सगळ्या ऑफिसला पाठवली. फेसबुकवर लोक एकमेकांच्या भिंतीवर चिकटवू लागले. दहा दिवसांत चार लाख जणांनी पाहिली. मंदीचे दिवस, ज्याची त्याची नोकरी लटकलेली, आणि हा माणूस फोनवर मजले चढवतोय! अर्धे लोक हसले, अर्ध्यांनी रडलो म्हणून लिहिलं. मुग्धा भाजी फोडणीला टाकून आकडा बघायला यायची आणि भाजी करपायची. ओवी गाडीत मैत्रिणींना सांगायची, "माय मॉम इज फेमस." मे महिन्यात युरोपातल्या एका छोट्या महोत्सवाचं पत्र आलं: फिल्म निवडीच्या यादीत आहे, महिनाअखेरपर्यंत लोकांची ऑनलाइन मतं घेऊ, तोवर ती जिथे आहे तिथे राहू द्या.

अलीमियाँला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगू, निवड झाली की पेढे घेऊनच जाऊ, असं ती स्वतःला म्हणत होती.

वीस मेला सकाळी तो खुर्चीवर नव्हता. पत्र्याच्या सावलीत उकिडवा बसला होता.

"काय झालं चाचा?"

"हव्वाबी फोन उचलत नाय," तो म्हणाला. मग वाडीतून कळलेलं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. दापोलीत पाहुण्यांकडे शादी होती. बायका जेवायला बसल्या होत्या. शेजारी एका पोराचा मोबाईल वाजला, आणि त्याच्यातून अलीमियाँ बोलला: आज चौतिसावा टाकला बघ! हव्वाबीला वाटलं, नवराच आला. ती ताटावरून उठली. पोरं हसायला लागली. बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देतात, त्यात ही रिंगटोन होती, आणि आख्खा व्हिडिओही. तिने तिथेच, चारचौघींत, शेवटपर्यंत पाहिला. दीड वर्ष तीही वाडीत सांगत होती ना, आज अमुक मजला झाला म्हणून. आता वाडीतली पोरं तिला बघून बोटं मोजतात.

"कोणी केलं असेल?" मुग्धाने विचारलं.

"कोणी म्हणजे? इद्रीस. तो मोबाईलवर सगळ्यांचं बोलणं भरतो, मस्करी करतो. मी फोनवर बोलायचो तेव्हा बाजूच्या खाटेवर तोच असायचा. बारा वर्षं एका ताटात जेवलो, ताई. काल मी खोली बदलून घेतली. त्याच्या तोंडावर थुंकलो मी."

आवाज रेकॉर्डरवर देऊनही त्याला मुग्धाचा संशय आला नव्हता. ताईंचं कार्टून बेबीसाठी होतं.

"हो का," मुग्धा म्हणाली. हातातला डबा तिने त्याच्यापुढे ठेवला आणि घरी आली.

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. फिल्म काढून टाकायच्या बटणावर बाण नेला. मतं मोजायला अकरा दिवस उरले होते आणि 'चौतिसावा' दुसऱ्या नंबरवर होती. आता काढून काय होणार, दापोलीच्या मेमरी कार्डातून थोडीच निघणार आहे, असं तिने मनाशी म्हटलं. म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच तिला सोपं गेलं. तिने लॅपटॉप मिटला.

ते अकरा दिवस ती बसथांब्यावर गेली नाही. सुजीतला सोडायला पाठवलं.

एकतीस तारखेला निवड झाली. एक जूनला तिने फिल्म काढून टाकली. सुजीत म्हणाला, "खलास. आता विषय संपला. त्याला काही कळायचं नाही. उगाच सांगून तुझं ओझं त्याच्या डोक्यावर का देतेस?"

तिलाही ते पटलं होतं. पण दोन दिवसांनी कपडे वाळत घालायला ती बाल्कनीत आली, तर खाली कुंपणाशी एक बुटका, टक्कल पडलेला माणूस उभा दिसला. हातात औषधाची पुडी. तो अलीमियाँला काही सांगत होता. अलीमियाँने पाठ फिरवली होती. माणसाने पुडी खुर्चीवर ठेवली, चार पावलं गेला, परत आला, वाऱ्याने उडू नये म्हणून पुडीवर दगड ठेवला आणि निघून गेला.

मुग्धा तशीच, ओल्या हातांनी, लॅपटॉप घेऊन खाली उतरली.

"चाचा, ते इद्रीसने नाही केलं. मी केलं."

त्याला आधी कळलंच नाही. तिने दोनदा सांगितलं. अकरा दिवसांचंही सांगितलं; ते सांगताना तिला त्याच्याकडे बघता येईना. तो फक्त म्हणाला, "दाखवा."

पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर लॅपटॉप ठेवून त्याने पूर्ण पाहिलं. पाण्याच्या टाकीपाशी त्याला हसू आलं, आपोआप, आणि हसू आल्याचाच राग आल्यासारखा त्याने तोंडावरून हात फिरवला. संपल्यावर विचारलं, "माझं नाक असं हाय?"

"नाही चाचा."

"मंग असं का काढलं?"

लोकांना हसू यावं म्हणून, हे उत्तर तिच्याजवळ होतं. ती लॅपटॉप मिटू लागली.

"बेबीसाठी म्हणालात तुमी."

"तुम्ही म्हणालात, चाचा. मी नाही म्हटलं नाही."

त्याने मान हलवली. त्याने वर, गजांच्या टोकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "इद्रीसला तुमी सांगा. मला तोंड नाय."

शुक्रवारी दुपारी सुजीतने गाडी मुहैस्नाहला नेली. कॅम्पच्या गेटवर बाई बघून पोरं गोळा झाली. इद्रीस बाहेर आला. मुग्धाने हिंदीत सगळं सांगितलं, मोडकंतोडकं, मधेच मराठी घुसत होतं.

"मैंने कसम खाई थी उसके सामने," तो म्हणाला. "कुरान की. फिर भी नहीं माना." माफ केलं असं तो म्हणाला नाही. "गोली टाइम पे लेता है क्या?" एवढंच त्याने विचारलं, आणि आत गेला. महिन्याभराने ते दोघं पुन्हा एका खोलीत आले, असं तिला अलीमियाँकडून कळलं. पण जेवण वेगवेगळंच राहिलं.

हव्वाबीला फोन करायची परवानगीही तिने मागून घेतली. पलीकडून आधी पंख्याचा आवाज येत होता. मुग्धाने माफी मागितली.

"त्यानं मला खोटं सांगितलं," हव्वाबी म्हणाली, "ते आमचं दोघांचं होतं. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, मिटलं असतं. तुमी बाईमाणूस. तुमच्या घरवाल्याचं असं कोणी गावभर वाजवलं असतं तर?"

मुग्धाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाडीतली पोरं हसतात त्याचं नाय मला. त्या दिवशी आवाज ऐकून मी ताटावरून उठले. दोन वर्षांनी आला म्हणून उठले. ते तुमच्या पिच्चरमध्ये नाय."

फोन बंद झाला.

मुग्धाने महोत्सवाला नकार कळवला. मतं मिळून, निवड होऊन मग दिलेल्या नकाराला किती किंमत, हे तिला माहीत होतं, तरी कळवला. फोरमवर लोकांनी कारण विचारलं. तिने खरं लिहिलं. एस्टोनियावाल्याने उत्तर दिलं की कलेत असं होतं. त्यानंतर ती फोरमवर गेली नाही. फिल्मच्या प्रती इंटरनेटवर फिरतच राहिल्या. कोणी हिंदी गाणं जोडलं, कोणी नाक आणखी लांब केलं. ज्यांना ज्यांना ती काढून टाका म्हणून कळवता आलं त्यांना तिने लिहिलं. तिघांनी काढली.

रमजानला अलीमियाँ घरी गेला. ईद करून दीड महिन्याने परतला तेव्हा कंपनीने त्याला अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत व्हिलांच्या राखणीला टाकलं होतं. एका शुक्रवारी तो बस करून दुबईला आला, मुद्दाम यांच्या घरी. ओवीसाठी आंबापोळी आणली होती. "थँक्यू चाचा," म्हणून ती आत पळाली.

"हव्वाबी कशा आहेत?"

"बरी हाय. बोलते आता."

मुग्धाने चहा ठेवला. तो सोफ्याच्या कडेवर बसला होता. बोलता बोलता त्याचा चेहरा पूर्वीसारखा फुलला. "तिकडं एक अरबी म्हातारा हाय ताई, त्याचा बोकड..." आणि तो थांबला. टीपॉयवर मुग्धाचा मोबाईल पडला होता. त्याची नजर तिथे गेली.

"रेकॉर्डिंग बंद आहे चाचा," ती म्हणाली. तिने तो उचलला, बंद केला, नेऊन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला आणि परत येऊन बसली. "बोकडाचं काय?"

"काय नाय," अलीमियाँ म्हणाला. "असाच, बोकड हाय एक." आणि कपातला चहा संपेपर्यंत तो अबुधाबीच्या हवेबद्दल बोलत राहिला.