आधीच लावलेली चाल

चष्मेवाल्याला त्याची बायको कासवराव म्हणायची, आणि ते काही उगाच नाही. डोळे तपासायला बसलेल्या माणसाला तो विचारायचा, "हे भिंग बरं, की आधीचं?" आणि मग हाताची घडी घालून थांबायचा. माणूस गोंधळला, पुन्हा दाखवा म्हणाला, पुन्हा गोंधळला, तरी याची भुवई हलायची नाही. बाकावरची गिऱ्हाइकं कंटाळून निघून जायची आणि बायको कपाळाला हात लावायची.

पण घरातलं एक माणूस या संथपणावरच जगत होतं. त्याची मुलगी बोलताना अडखळायची. शब्द जणू गालात साठवून ठेवायची, म्हणून तो तिला लाडानं खारूताई म्हणायचा. आत्या, शेजारी, शाळेतल्या बाई, सगळे तिचं वाक्य मध्येच तोडून स्वतःच पुरं करायचे. सख्खी आई तर तोफखाना. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत हिचं उत्तर तयार. मग खारूताई मान डोलावून मोकळी व्हायची, भले वाक्य चुकीचं पुरं झालेलं असो. दूध नको असताना तिनं किती पेले दूध रिचवलं असेल, देव जाणे. थांबायचा तो फक्त बाबा. शब्द बाहेर येईपर्यंत तिच्याकडे शांतपणे बघत बसायचा आणि सगळं ऐकल्याशिवाय हो की नाही म्हणायचा नाही. म्हणून ती बोलायची ती त्याच्याशीच, आणि बोलायला लागली की घसा बसेपर्यंत बोलायची.

आता ती मोठी झाली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायची. रिकाम्या वेळात एक जाड काच घेऊन बसायची आणि दुर्बिणीचा आरसा घडवायचा प्रयत्न करायची. गोल गोल, हलक्या हातानं, महिनोन्‌महिने. तो आरसा ती एकदा दुर्बिणी बनवणाऱ्या कार्यशाळेत दाखवूनही आली होती. तिथे शिकायला मिळावं, यापलीकडे तिला जगाकडून काही नको होतं.

फोनवरच्या बुद्धिबळाचं वेड बापाला लावलं तेही तिनंच. एका मिनिटाचा डाव. दोघांना एकेक मिनिट. ज्याचा वेळ संपला तो हरला, मग पटावर त्याची अख्खी फौज उभी असेना का. कासवरावाचं तिथे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. जिंकत आलेले डाव तो विचार करकरून हरायचा.

"बाबा, चां-चांगली चाल शोधू नकोस," ती म्हणाली. "चालेल अशी शोध."

तिनं त्याला शिकवलं ते असं. सुरुवात रोज एकच ठेवायची, म्हणजे पहिल्या चालींना डोकं लागत नाही. राजा लवकर कोपऱ्यात न्यायचा. एक डोळा घड्याळावर ठेवायचा. आणि सगळ्यात शेवटी शिकवलं ते आधीच चाल लावून ठेवणं. समोरचा विचार करत असतानाच आपली पुढची चाल फोनला सांगून ठेवायची. त्यानं खेळलं रे खेळलं की आपली चाल आपोआप पडते, वेळ अजिबात जात नाही.

"पण सं-सांभाळून हं. त्यानं भलतंच काही खेळलं तरी आपली चाल पडतेच. वजीर फु-फुकट जातो."

पहिल्या आठवड्यात त्याचे वजीर असे फुकट गेले की विचारू नका. पण मग बोटं वळली. समोरचा काय करणार याचा अंदाज यायला लागला, आणि अंदाज खरे ठरायला लागले की माणसाला झिंग चढते. त्याचे गुण वाढू लागले. गिऱ्हाईक नसलं की डाव, गिऱ्हाईक चेहरा धुवायला गेलं की डाव. हळूहळू तपासणीतही हात चालायला लागला. "हे बरं ना? बरंच असणार," म्हणत तो भिंगं बदलायचा आणि माणसं बिचारी हो म्हणायची. घरीही उत्तरं तडकाफडकी यायला लागली. बायको खूश झाली. "या वयात कासवाला पंख फुटले," असं ती शेजारपाजारी सांगत सुटली.

मुलीच्या वाक्यांचं काय होतंय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं "बाबा, उद्या" म्हणावं आणि त्यानं "दुकान लवकर उघडू, ठीक" म्हणावं. दहातली नऊ उत्तरं बरोबर यायची. बरोबर आल्यावर कोण भांडतं?

एका दुपारी तो डावात बुडालेला असताना ती मागच्या खोलीतून आली. हात काचेच्या भुकटीनं पांढरे झालेले.

"बाबा, मला त्यांनी बो-बोलावलंय, प-पण..."

आता, आत्याच्या घरी वरचेवर समारंभ असायचे. तिथे चारचौघांत हिला काही बोलायला उभं करायचे आणि मग सगळे मिळून हिची वाक्यं पुरी करायचे. दर वेळी बोलावणं आलं की ही रडवेली होऊन बापाला सांगायची आणि तो पूर्ण ऐकून म्हणायचा, नाही म्हणून टाक. उत्तर ठरलेलंच होतं. घड्याळ पळत होतं.

"नाही म्हणून टाक," तो मान वर न करता, अगदी मायेनं म्हणाला. "कुणाला भ्यायचं नाही."

तिनं पांढरे हात फडक्याला पुसले. "बरं," म्हणाली. तो डाव त्यानं जिंकला. इतके दिवस हुलकावणी देणारा गुणांचा टप्पा त्याच दिवशी ओलांडला गेला आणि त्यानं तो नाचत नाचत तिला दाखवला. तिनं त्याची पाठ थोपटली आणि भिंगं घासायला परत गेली.

पुढे कधीतरी दुकानात एक बाई आल्या. जवळचं धूसर दिसतंय म्हणाल्या. त्यानं त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली, भिंग घातलं.

"तुमची मुलगी कशी आहे?" बाईंनी विचारलं. "दुर्बिणींची कार्यशाळा माझी. तिनं घासलेला आरसा मी पाहिलाय. असा हात शिकवून येत नाही."

बापाची छाती फुगली. "तुमच्याकडे यायचंय तिला. तुमच्या बोलावण्याचीच वाट बघतेय."

बाई चौकटीतून त्याच्याकडे बघत राहिल्या. "बोलावलं होतं की. तिनं नाही म्हणून कळवलं. बोलावलं तेव्हाच, लांब जाऊन राहावं लागेल, तुम्हाला सोडून कसं जाऊ, अशी धाकधूक होती तिला. मी म्हटलं, वडिलांना विचार. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, बाबा नको म्हणाले."

त्याच्या हातातलं भिंग खाली पडलं. फुटलं नाही, नुसतं घरंगळत बाकाखाली गेलं.

"मी म्हटलं, पुन्हा एकदा विचार," बाई सांगत होत्या. "तर म्हणाली, माझे बाबा पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तर देत नाहीत. नको म्हणाले म्हणजे विचार करूनच म्हणाले असणार."

आयुष्यभर थांबून थांबून जी पत कमावली होती, तीच त्याच्या त्या एका घाईच्या शब्दामागे उभी राहिली होती. दुसऱ्या कुणाचं "नाही" तिनं इतकं मानलंच नसतं.

"आता पाठवतो," तो कसाबसा म्हणाला. "आजच पाठवतो."

"दुसरी मुलगी घेतली हो आम्ही. माझ्याकडे एका वेळी एकच शिकतं. एकेक आरसा वर्षभर चालतो." बाईंनी चौकट काढून ठेवली. त्यांना त्याचा चेहरा बघवेना. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

त्यानं बाईंना तसंच पाठवलं आणि दुकान भरदिवसा बंद केलं. तो घरी आला. खारूताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, आई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. तो स्टुलावर बसला. खिशात फोन थरथरला. कुणीतरी डावाला बोलावत होतं. त्यानं फोन बंद करून ओट्यावर ठेवला.

"त्या दिवशी दुकानात काय सांगत होतीस? सगळं सांग. मी थांबतो."

तिनं फडकं खाली ठेवलं. बापाला कळलंय हे तिला दिसलं असावं.

"मला त्यांनी बो..." ती म्हणाली आणि शब्द अडला.

आईनं तोंड उघडलं. त्यानं हात वर करून तिला गप्प केलं. तो थांबला, पूर्वी थांबायचा तसा, तिच्याकडे बघत. पूर्वी अशा वेळी तिची हनुवटी ताठ व्हायची, डोळे बारीक व्हायचे, आणि ती शब्दाला ढकलत ढकलत बाहेर काढायची. आज तिनं ढकललंच नाही. शब्द तिथेच सोडून दिला आणि आत्याकडे बघायची, शेजाऱ्यांकडे बघायची, तशी बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सांग ना," तो म्हणाला.

"तूच म्हण ना, बाबा," ती म्हणाली. एवढं वाक्य मात्र ती कुठेही न अडखळता म्हणाली.