धुराचा त्रास

परसातल्या भिंतीवरून कापसाचा एक पुंजका तरंगत आला आणि दिगंबररावांच्या चहाच्या कपाशेजारी पडला. पाठोपाठ भिंतीवर कौतिक पाटलांचं मुंडासं उगवलं.

"बाबूसाब, वारा तर तुमच्याकडंच येऊन राहिला! चूल निंबाखाली सरकवतो, मग पेटवतो."

"अहो, राहू द्या हो. धुरानं कुणी मरत नाही," दिगंबरराव हसून म्हणाले.

हसले ते फक्त तोंडानं. आत नुसता जळफळाट. कौतिक पाटलांच्या शाहपूर गावी केळीच्या बागा, इथं बुधवारा पेठेत हे घर, आणि थंडी पडली की दर रविवारी परसात भरिताचा बेत. वीस-पंचवीस पानं सहज उठायची. आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या आधी हा बाबा कापूस सोडून वारा बघणार. का, तर शेजाऱ्याला धूर नको! त्यापेक्षा भांडखोर असता तर बरं झालं असतं. निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

गेल्या दिवाळीपर्यंत माणसं दिगंबररावांच्या परसातही बसत होती. रविवारी कचेरीतले चार सोबती यायचे, खाटेवर पत्त्यांचा डाव पडायचा. मग भाषेवरून राज्यांची वाटणी झाली आणि हे गाव हिंदी राज्यात राहिलं. सोबत्यांनी कुणी अकोला मागितलं, कुणी नागपूर, आणि महिन्याभरात कचेरी रिकामी झाल्यासारखी झाली. दिगंबररावांचं घर स्वतःचं. त्यांनी इथंच राहतो म्हणून लिहून दिलं. बायकोचं, निर्मलेचं माहेर मलकापूर, तेही एका दिवसात परराज्यात गेलं. आता घरात ही दोघं आणि परसात ती रिकामी खाट.

तेवढ्यात निर्मला उपड्या घमेल्यावर चढून भिंतीला रेलली.

"मथुराबाई, लसूण आधी नका घालू! आमच्या मलकापूरला मिरच्या आधी ठेचतात."

"तुम्हीच या न इकडं," पलीकडून मथुराबाई, कौतिकची बायको, ओरडली. "या लाकडाच्या बडगीत वांगे ठेचता ठेचता माझे हात गळून राहिले, अन् तुम्ही तिथून हुकूम सोडता व्हय?"

निर्मला खळखळून हसली. दोन महिन्यांत ती घरात अशी एकदाही हसली नव्हती. दिगंबररावांनी कप खाली आदळला. माणसं गेली, पत्ते गेले, आता बायकोचं हसूसुद्धा भिंतीपलीकडं जाणार?

"आत ये," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील!"

सोमवारी बुधवाऱ्याच्या चौकात कौतिक भेटला, तेव्हा दिगंबरराव बोलून गेले. ठरवून नव्हे, पण बोलले.

"पाटील, एक सांगायचं होतं. निर्मलेला धुराचा फार त्रास होतो. दम लागतो रात्रभर. ती भिडस्त, बोलायची नाही."

कौतिकनं भर चौकात कान पकडले. "अरे राम! मग पयलेच का नाही सांगितलं, भो? तीन वर्सं झाली, वहिनींचा जीव काढून राहिलो आम्ही!"

पुढच्या रविवारी कापूस आला नाही. गाडीत वांगी, पऱ्हाट्या, बडगी आणि पोरंसोरं घालून कौतिकचं सगळं बिऱ्हाड सकाळीच शाहपूरच्या मळ्याकडं निघून गेलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. परस असं गप्प, की शेजारच्या निंबाचं पान पडलेलं ऐकू यावं. दिगंबररावांना वाटलं होतं, आता बरं वाटेल. कसलं बरं! निर्मला घमेल्यावर चढायची, पलीकडं बघायची आणि उतरायची.

"अहो, मी काही लागट बोलले का त्यांना?" तिनं विचारलं. "लसणाचं मनाला लावून घेतलं असेल का?"

"मला काय ठाऊक," दिगंबरराव म्हणाले आणि पायात चपला असतानाही चपला शोधायला उठले.

तिसऱ्या रविवारी तिन्हीसांजेला मथुराबाई पुढच्या दारानं आली. हातात झाकलेली थाळी. दिगंबरराव दारातच उभे होते, त्यांना सरकायलासुद्धा सुचलं नाही.

"मळ्यातून आणलं, तुमच्या मलकापूरसारखं," थाळी निर्मलेच्या हातात देत ती म्हणाली. "आता दम कसा आहे, बाई? बाबूसाबांनी सांगितलं तवापासून आमच्या यांना जेवण गोड लागेना. म्हणे, ती बाई भिंतीला टेकून हसायची अन् आपण तिलाच धूर देऊन राहिलो. परसातली चूलच फोडून टाकली त्यांनी."

निर्मलेनं नवऱ्याकडं पाहिलं. दिगंबररावांची मान खाली. आता ही बोलणार, शेजारणीसमोर आपली अब्रू जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

निर्मलेनं पदर तोंडाला लावला आणि खोकली. एकदा. मग जरा थांबून, पुन्हा एकदा.

"बरंय आता," ती म्हणाली. "पण थंडीचा त्रास असतो थोडा."

"मग हवेत निघू नका बरं," मथुराबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती गेली.

निर्मलेनं थाळी खाली ठेवली. परसात जाऊन तिनं घमेलं उचललं, आत आणून कोपऱ्यात ठेवलं आणि मागच्या दाराला कडी घातली. मग एकच पाट मांडला, एकाच ताटात कळण्याची भाकरी अन् सगळं भरीत वाढलं आणि ताट नवऱ्यापुढं सरकवलं.

"तू?" दिगंबररावांनी विचारलं.

"तुम्ही जेवा," ती म्हणाली. "मला धुराचं सोसत नाही."