क्लेमचे दिवे

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्लोनकरीत ट्रकची वायरिंग करणारी मी एकटीच, म्हणून आगीनंतर नोएलीन माझ्याकडे आली. तिच्या गुरांच्या गाडीला तीन ट्रेलर. शेवटच्याचं चाक तापून पेटलं आणि पुढे केबिनमध्ये तिला पत्ताच नाही. गुरं जळाली. "मागचं मला कळणार नसेल, तर गाडी विकून टाकते," ती म्हणाली.

चाकांपाशी सेन्सर बसवणं सोपं होतं. पण त्यांचे निरोप केबिनपर्यंत नेणारी वेगळी वायर इथल्या कच्च्या रस्त्यांवर उडणारे दगड दोन फेऱ्यांत तोडतात. म्हणून मी मागच्या दिव्यांना वीज नेणाऱ्या जाड वायरीवरूनच निरोप पाठवले. दिवे काढून पाहिलं, झकास. दिवे जोडले, तर केबिनमधल्या स्क्रीनचा पडदा कोरा!

इकडच्या ड्रायव्हरांना ट्रेलर दिव्यांनी मढवायची भारी हौस. नोएलीनच्या नवऱ्यानं, क्लेमनं, तर कहर केला होता, आणि तोही स्वस्तातल्या दिव्यांनी. प्रत्येक दिवा त्याच वायरीवर विजेचा गोंगाट करत होता, त्यात माझे निरोप बुडत होते.

"क्लेमचे दिवे काढावे लागतील," मी म्हणाले.

"मेल्यावरही त्याला गप्प बसवतेस होय?" ती हसली, पण डोळे भरले. "दिवे राहतील, डेल्मा."

माझं डोकंच फिरलं. "मग घाल गाडी पुन्हा आगीत! दिव्यांचं एवढं काय गं?"

"माळावर ते दिसले की मी तव्यावर चॉप्स टाकायची. तो दारात येईपर्यंत तयार."

मी एकेका दिव्याच्या वायरीत छोटी कॉइल बसवत गेले. कॉइल वीज जाऊ देते, गोंगाट अडवते. बोटं सोलली, क्लेमला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. शेवटी सगळे दिवे पेटले आणि पडद्यावर एकूणएक चाक दिसलं.

पुढच्याच फेरीत दुपारी रेडिओवर नोएलीन ओरडली, "डेल्मा! मागचं डावं चाक तापल्याचं दिसलं, तशी लगेच थांबले. बेअरिंग गेलंय."

"आणि गुरं?"

"रवंथ करतायत निवांत! बेअरिंग बदलून येते परत. आणि ऐक, गाडी विकत नाही मी."

मला रडूच आलं.

अंधार पडता पडता माळावर दिव्यांची रांग दिसली. मी तव्यावर चॉप्स टाकले.