खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, मी सात लिव्हरचे एक जुने पितळी कुलूप आहे. जन्म अलीगढचा, नोकरी मात्र भिवंडीजवळच्या अंजूर गावात. पंचवीस वर्षे मी काळूरामशेठच्या कापडाच्या गोदामावर पहारा दिला. चोरांनी दोनदा करवत चालवली, पण मी काही दाद दिली नाही. "याला म्हनतात कुलूप!" असे शेठ चारचौघांत म्हणायचे. फुशारकी नको म्हणता? पण खोटी लाज मला जमत नाही.

शेठ वारले, गोदामाला नवे शटर आले आणि मी खिळ्यावर धूळ खात पडले. यंदा गणपती झाल्यावर त्यांचा मुलगा दीपेश मला घरी घेऊन आला. मी हरखून गेले. पण त्याने मला लावले ते आपल्या आईच्या खोलीला, बाहेरून!

पार्वतीबाई पन्नाशीच्या. शेजारच्या कोन गावचे रामदास वायरमन विधुर. गोदामाच्या कामाला येता-जाता दोघांची मने जुळली. बाईंनी लग्नाचे बोलून दाखवले आणि दीपेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "या वयात? त्यात परजातीत? गावात तोंड कसं दाखवाचं?" त्याने फोन काढून घेतला. दसरा झाला की आईला सुरतेला मावशीकडे पोचवायचे ठरले. सून मनाली ताट घेऊन येई, तेवढ्यापुरतीच मला किल्ली लागे.

बाई आतून दाराला टेकून बसत. त्यांचे मुसमुसणे मला कडीतून जाणवे. माझ्या मजबुतीची मला आयुष्यात प्रथमच लाज वाटली.

अशात खंडेनवमी आली. या घरात त्या दिवशी कोयत्यापासून टेम्पोपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा आटपेपर्यंत पुजलेल्या कुठल्याही वस्तूला हात लावत नाहीत. दीपेशने सवयीने घरातली सगळी कुलपे गोळा केली, त्यात आईच्या दारावरून काढलेले मीही आले. चिंचेने घासून, हळदकुंकू लावून त्याने मला किल्लीसकट पाटावर ठेवले. नमस्कार करून मान वर केली, तर समोर आई उभी! हातात पिशवी.

दीपेशचा हात माझ्याकडे झेपावला.

"हात लावू नको," बाई म्हणाल्या. "आज नवमी हाय. तुझ्या बापाची रीत मोडतोस?"

हात माझ्यावर थबकला. मित्रांनो, तेव्हा मी देवाला म्हटले, याने मला उचलू नये.

"आये, लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. मी पलून न्हाय चालले, सांगून चालले. रामदासकडं."

मग मनालीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आई, रिक्षा बोलवू?"

दीपेशने हात मागे घेतला. बाई भर दुपारी, सगळ्या आळीसमोरून गेल्या.

दसऱ्याला सकाळी त्याने पूजा आटपली. संध्याकाळी आपट्याची पाने खिशात घातली आणि मनालीला म्हणाला, "चल, कोनला. आयेला सोनं द्याचं हाय." निघताना त्याने मला घराच्या मोठ्या दाराला लावले.

मी खटकन बसले, अगदी ऐटीत. मला वर्षातून दोनदा तेल घाला, पावसात झाका, मी जन्मभर राखण करीन. पण मला लावण्याआधी घरात एकदा हाक मारा. आतून कुणी ओ दिली, तर मला खिळ्यावरच राहू द्या.