एका झुडपातले सतरा पक्षी

काकूंचे यजमान निवृत्त झाले आणि लगेच पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळात सुरुवातीला नऊ जण होते. अध्यक्षांनी एकेकाची चूक चारचौघांत काढून दाखवली, तेव्हा उरले ते एकटे अध्यक्षच. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. सभा लवकर आटोपायला लागल्या.

काकू घरीच शिलाई करायच्या. मशीन मागच्या खिडकीशी आणि खिडकीपलीकडे लगेच रान. सुईत दोरा ओवायचा आणि मान वर करायची, एवढंच त्यांचं पक्षीनिरीक्षण. पण दोन वर्षं रोज मान वर केली की माणसाला थोडंफार कळतंच. ओढ्याकाठच्या दाट झुडपात एक श्यामा राहायचा. अंग काळंभोर, पोट तांबूस, शेपूट लांबलचक आणि तिच्या मुळाशी पांढरा पट्टा. लाजाळू इतका की उघड्यावर यायचं नाव नाही. सावलीत पाचोळा उलटापालटा करून किडे टिपायचा. उजाडताना मात्र गळा मोकळा सोडायचा. आधी स्वतःची तान, मग हळद्याची, बुलबुलाची, कोतवालाची, जे कानावर पडेल त्याची हुबेहूब नक्कल.

अध्यक्षांना तो कधी दिसलाच नव्हता. पक्षी बघायला त्यांना सवड कुठली? ते वहीत मान घालून यादी करायचे.

आता नगरपालिकेला ते रान तोडून गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. नियम असा होता, की गाणाऱ्या पक्ष्यांच्या पंधरा जाती सापडल्या तर रानाला हात लावायचा नाही. मोजणी पहाटे, कानाने, आणि दोन जाणकारांचे आकडे जुळले पाहिजेत. दुसरा जाणकार आणायचा कुठून? मंडळाकडे तर कुत्रंही फिरकत नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी काकूंना उठवलं.

"तू फक्त सही करायची," ते चपला शोधत म्हणाले. "उगाच डोकं चालवू नकोस."

वनअधिकारी नवा होता. त्याला कावळा ओळखता यायचा, पुढचं सगळं त्याने जाणकारांवर सोडलं होतं. तिघं झुडपासमोर उभे राहिले आणि श्यामाने सुरुवात केली. अध्यक्षांनी डोळे मिटले. बोटं मात्र वहीवर भराभर चालली होती. हळद्या, कोतवाल, बुलबुल, बारा, तेरा, चौदा.

"आणि हा," ते कुजबुजले, "हा इकडचा नव्हेच. लांबून आलेला पाहुणा आहे."

पाहुणा म्हणजे काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी. तिला तेल घाला म्हणून काकू दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या. श्यामाने तिचं कुरकुरणं मनावर घेतलं, अध्यक्षांनी नाही.

एका झुडपातून सतरा पक्षी बोलत होते आणि एकही दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालत नव्हता. इतकी शिस्त मंडळाच्या सभेतही कधी दिसली नव्हती, पण अध्यक्षांना त्यात काही वावगं वाटलं नाही. काकूंनी मोजले ते चार. श्यामा, आणि मागे वडावर खरोखरचे बसलेले तिघं.

एकतीस वर्षं या माणसाने काकूंचं एकही वाक्य दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. पाहुण्यांसमोर, सासरच्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर. आज सरकारी कागदावर त्याचं उट्टं काढता येणार होतं. काकूंच्या अंगात कसा उत्साह संचारला होता.

"काकू, तुमचा आकडा?" अध्यक्षांचे सतरा कागदावर उतरवून अधिकाऱ्याने विचारलं.

चार हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण चार म्हटलं की आठवड्याभरात करवती येणार. झुडूप जाणार, श्यामा जाणार, आणि खिडकीतून मान वर केली की गाड्यांच्या काचा दिसणार.

"सतरा," काकू म्हणाल्या.

"नावं सांगाल?"

त्यांनी सतराही नावं घडाघडा सांगितली, पाहुण्यासकट. जे कुठे बसलेलेच नव्हते, त्यांच्या सवयीही सांगितल्या. अधिकारी खूश झाला. आकडे तंतोतंत जुळले, आता या रानाला कुणी हात लावू शकत नाही, असं म्हणून त्याने शिक्का मारला.

"जुळणारच," अध्यक्ष म्हणाले. "हिला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळं माझ्याकडून शिकलीय."

काकूंनी पेन उचललं. सही करताना त्यांना क्षणभर अगदी मनापासून वाटलं, गेलं असतं रान तर गेलं असतं.