राजाच्या तोंडचा ‘मी’

ज्या शब्दावरून विनीताने जवळपास महिनाभर ऑफिसात डोकं आपटून घेतलं, तो शब्द ‘मी’ होता. कुणाला सांगायला जावं तर समोरचा हसायचा. प्रबोध, तिचा नवरा, हसला. पंधरा वर्षांची इरा हसली नाही, पण “आई, लेट इट गो लाह, इट्स जस्ट वन वर्ड,” एवढं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणून ती परत मोबाइलमध्ये बुडाली.

विनीता सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका कंपनीत कामाला होती. परदेशी मालिका भारतीय भाषांत डब करून द्यायचं काम ही कंपनी घ्यायची. रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं, संवाद सिंगापुरात लिहिले जायचे. मराठी विभाग म्हणजे दोनच माणसं. प्रमुख अभय, ठाण्याचा, बत्तीस वर्षांचा, कामसू आणि कायम घाईत. त्याच्या हाताखाली विनीता, वयाने त्याच्याहून बरीच मोठी. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला अरे-तुरे करायची, आणि एरवी दोघांचं बरं चालायचं.

कंपनीचा नियम असा की मालिका कोरियन असो नाहीतर तुर्की, मराठी संवाद लिहायचे ते इंग्रजी स्क्रिप्टवरून. विनीताला हे कधीच पटलं नव्हतं. तिला कोरियन येत होतं. पाच वर्षं ती ऑफिस सुटलं की सर्कल लाइनच्या मेट्रोने सेरंगूनला जायची आणि मॉलमागच्या एका लहानशा क्लासमध्ये मिसेस हान नावाच्या बाईंकडून ती भाषा शिकायची. तिथून बुकित बातोकला घरी पोचेपर्यंत भात गार झालेला असायचा. परीक्षा देऊन तिने सर्टिफिकेटही मिळवलं. ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी स्क्रिप्ट तिच्या टेबलावर येऊन पडली.

मग जोंगजो राजावरची मालिका आली.

हा अठराव्या शतकातला कोरियाचा राजा. विनीताला तो आधीपासून माहीत होता, कारण मिसेस हान सुवॉन शहराच्या, आणि त्या शहराचा किल्ला याच राजाने बांधलेला. बाई कडक होत्या, पण राजाचा विषय निघाला की व्याकरण बाजूला ठेवायच्या. किल्ला बांधताना त्याने वेठबिगारी लावली नाही, मजुरी दिली, अर्धा दिवस काम केलं तर अर्ध्या दिवसाची दिली, आणि उन्हाळा चढला तेव्हा मजुरांना औषधाच्या गोळ्या वाटल्या, हे त्या अशा सांगायच्या की जणू त्यांच्या चुलत्यानेच वाटल्या होत्या.

पण त्याची गोष्ट सुरू होते ती त्याच्या वडिलांपासून. वडील म्हणजे युवराज सादो. मन ताळ्यावर नसलेला, हातून खून झालेला, दरबाराला नकोसा झालेला माणूस. सादोच्या स्वतःच्या बापाने, म्हणजे राजाने, भर उन्हाळ्यात त्याला धान्याच्या पेटीत शिरायला सांगितलं आणि वरून झाकण बंद केलं. आठव्या दिवशी तो आत मेला. सादोचा मुलगा, म्हणजे पुढचा जोंगजो, तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांना सोडा म्हणून त्याने आजोबांपुढे हात जोडले, तेव्हा त्याला उचलून बाहेर नेण्यात आलं. पुढे आजोबांनी नातवाला वारस केलं, पण फार पूर्वी वारलेल्या मोठ्या काकाला कागदोपत्री दत्तक देऊन. म्हणजे राज्य हवं तर सादो तुझा बाप नव्हता, असं वागायचं. मुलगा चौदा वर्षं तसा वागला. आजोबा गेले, तो गादीवर आला, आणि त्याच दिवशी दरबाऱ्यांना बोलावून त्याने सांगितलं: मी युवराज सादोचा मुलगा आहे.

मालिकेचा पहिला भाग या प्रसंगावर संपत होता.

इंग्रजी स्क्रिप्टवरून अभयने त्याचं मराठी आधीच करून ठेवलं होतं. “आम्ही युवराज सादोंचे सुपुत्र आहोत. आता एकेकाचा न्याय होईल.”

विनीताने कोरियन आवाज लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग ती अभयच्या टेबलाशी गेली.

“अभय, तो ‘आम्ही’ म्हणत नाहीये. तो स्वतःला ‘ग्वाइन’ म्हणतोय. ज्याच्यात गुण कमी आहेत असा मी, असा त्याचा अर्थ. तिथला राजा स्वतःबद्दल बोलताना लहान होतो. आपण त्याला मोठा करून ठेवलंय.”

“ताई, ऐतिहासिक आहे. राजा ‘मी’ म्हणायला लागला तर शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय असं वाटेल.”

“आणि ते न्यायाचं वाक्य मूळ संवादात नाहीच. तो उलट सांगतोय, की म्हणून माझ्या वडिलांना आता राजाचा मान द्या असं कुणी सुचवू नका, सुचवलंत तर शिक्षा करीन. आजोबांचा शब्द तो मोडत नाहीये.”

“इंग्रजीत काय आहे?”

“इंग्रजी चुकीचं आहे.”

“इंग्रजी मंजूर झालेलं आहे,” अभय म्हणाला. त्याच्या आवाजात चीड नव्हती, आणि त्यामुळेच विनीताच्या डोक्यात तिडीक गेली. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं.

तिने सोडलं नाही. चौदा वर्षं गिळलेलं वाक्य माणूस आरोळी ठोकून बोलत नाही, हे तिने त्याला समजावलं. लंचला समजावलं, लिफ्टमध्ये समजावलं. पुढचे भाग पाहून आणखी पुरावे आणले. या राजाने दासींच्या, रखेल्यांच्या मुलांना, ज्यांना चांगली नोकरी मिळायची सोय नव्हती, त्यांना आपल्या ग्रंथालयात जागा दिल्या. मोजक्या दुकानदारांचा मक्ता मोडून इतरांना विकायला मोकळीक दिली. वाटेत कुणी थाळी वाजवून गाऱ्हाणं मांडलं तर थांबून ऐकलं. असा माणूस कसा बोलेल, तूच सांग.

अभयने शांतपणे विचारलं, “आणि लिहिण्याच्या बाबतीत? नवी भाषा त्याला चालायची?”

इथे विनीता अडकली. मिसेस हाननी सांगितलेलं तिला पाठ होतं. नव्या ढंगाचं चटपटीत लिहिणाऱ्या विद्वानांकडून या राजाने माफीपत्रं लिहून घेतली होती. बाकी सगळ्यात सुधारक, पण लिहायचं ते जुन्या पद्धतीनेच, असा त्याचा हट्ट. खोटं बोलणं तिला जमलं नाही. तिने ते सांगून टाकलं.

“मग त्याला ‘आम्ही’च आवडलं असतं की,” अभय म्हणाला आणि हसला. विनीता जागेवर येऊन बसली, आणि आपल्याच तोंडाने आपण त्याच्या हातात हे का दिलं, म्हणून दुपारभर स्वतःवर चरफडत राहिली.

शेवटी अभयनेच वाट काढली. तिच्या हट्टाला कंटाळून असेल, किंवा मनातून त्यालाही थोडं पटलं असेल. पहिला भाग तिने थेट कोरियनवरून लिहावा, रेकॉर्ड करू, बघू पुढे काय होतं. विनीताने तो शनिवार-रविवार डायनिंग टेबलावर काढला. वाक्य ओठांच्या हालचालीत बसलं पाहिजे, म्हणून पडद्यावरच्या नटाबरोबर मोठमोठ्याने बोलत राहिली. प्रबोधने खालच्या हॉकर सेंटरवरून जेवण आणलं. इराने कानात हेडफोन घातले. पण वाक्यं बसली. ‘मी युवराज सादोंचा मुलगा आहे’ हे तर असं बसलं की पडद्यावरचा राजा मराठीच बोलतोय असं वाटावं.

राजाचा आवाज द्यायला मुंबईत प्रतापराव होते. सत्तरीच्या आसपासचे, पण आवाज अजून तरुण; रंगभूमीवर आयुष्य गेलेलं. विनीता सिंगापुरातून स्क्रीनवर हजर होती. त्यांनी आधी सवयीने छाती भरून सुरुवात केली, आणि मग मध्येच थांबले.

“बाई, हे ‘मी’ टायपिंगमध्ये चुकलंय का?”

“नाही. तसंच आहे.”

“बरं.” त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. “वडिलांना मारलं तेव्हा हा तिथेच होता?”

“होता. दहा वर्षांचा.”

त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाक्य म्हटलं. आवाज चढवला नाही. ‘मुलगा’ या शब्दाशी किंचित अडखळले, आणि पुढचं वाक्य, वडिलांना मान देऊ नका हे, जवळजवळ कोरडेपणाने म्हटलं. स्टुडिओतला मुलगा रेकॉर्डिंग बंद करायचं विसरला. अभयही ऐकत होता. त्याने विनीताकडे बघून मान डोलावली. त्या संध्याकाळी ट्रेनमधून घरी येताना विनीताला वाटलं, जमलं.

आठवड्याने तपासणीचा निकाल आला. तपासणारी माणसं तिसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची होती. त्यांना कोरियन येत नव्हतं आणि ते यायची त्यांना गरजही नव्हती. त्यांनी मराठी इंग्रजीशी ताडून पाहिलं आणि जिथे जिथे फरक दिसला तिथे तिथे चूक धरली. पहिला भाग नापास. ‘मी’पुढे शेरा होता: राजाच्या दर्जाला न शोभणारी भाषा. वडिलांच्या मानाच्या वाक्यापुढे: अर्थ पूर्णपणे बदलला आहे.

विनीताने सविस्तर उत्तर लिहिलं. मूळ कोरियन वाक्य दिलं, शब्दाशब्दाचा अर्थ दिला, इतिहासातली नोंद दिली. उत्तर आलं की मंजूर स्क्रिप्ट हीच मूळ धरावी.

“म्हणजे राजा काय म्हणाला याला काही किंमतच नाही?” तिने अभयला विचारलं.

“ताई, मी पण बोललो त्यांच्याशी. खरंच बोललो. वरून मला विचारलं, मराठीच्याच भागाला इतक्या चुका का? हिंदी पास, तमिळ पास.” तो तिची नजर टाळत होता. “मला पुढचे भाग जुन्या पद्धतीने करावे लागतील. आणि तुम्हाला थोडे दिवस दुसरं काम देतोय. बेकिंगचा शो आहे. हलका आहे.”

“तुला माझं पटलं होतं ना?”

“पटलं होतं,” अभय म्हणाला. “मला विभागाचं रेटिंग खाली आलेलं चालणार नाही. वर्क पासचं रिन्यूअल आहे माझं.”

एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, सगळेच होते. विनीताने एकच मागणं मागितलं. तिने लिहिलेलं राहिलं नसेल तर तिचं नावही राहू नये. अभयने लगेच कबूल केलं, ईमेलही पाठवली. पण श्रेयनामावली आधीच बंद झालेली होती आणि ती उघडायला आणखी कुणाची तरी परवानगी लागत होती, जी शेवटपर्यंत आली नाही.

मालिका लागली. घरी सगळ्यांनी मिळून पहिला भाग पाहिला. प्रतापरावांकडून पुन्हा रेकॉर्ड करून घेतलेलं होतं. ‘आम्ही युवराज सादोंचे सुपुत्र आहोत. आता एकेकाचा न्याय होईल.’ त्यांनी आपलं काम चोख केलं होतं, आवाज खोलीभर घुमला, मागे ढोल वाजले. आणि मग काळ्या पडद्यावर: मराठी संवाद, विनीता करंदीकर.

“आई, युअर नेम,” इरा म्हणाली आणि फोटो काढायला फोन उचलला.

“नको काढूस.”

“व्हाय?”

“नको म्हटलं ना.”

तिचा स्वर असा होता की प्रबोधने टीव्ही बंद केला. इराला काहीतरी कळलं असावं. तिने फोन खाली ठेवला.

महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, संवाद काय भारदस्त आहेत. कुणी लिहिलं, अंगावर काटा आला. विनीताने प्रत्येकाला ‘थँक यू’ लिहिलं, कारण दुसरं काही लिहायचं तर निबंध लिहावा लागला असता. मिसेस हानना मराठी येत नाही हे एक बरं होतं. तरी ती सेरंगूनला त्यांना भेटून आली आणि सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, “राजाचंही शेवटी काही राहिलं नाही.” धीर द्यायची त्यांची ही पद्धत होती.

शेवटचा भाग झाल्यावर पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. संजीवनीबाईंनी मालिका एकही भाग न चुकवता पाहिली होती.

“विनीता, फार छान लिहिलंस गं. अगदी आपल्या राजांसारखा बोलतो.”

“आई, ते मी लिहिलेलं नाही,” विनीता म्हणाली, आणि इतके दिवस मिसेस हान सोडून कुणालाही धड न सांगितलेलं तिने त्यांना सांगितलं. तो राजा खरं काय म्हणाला, कसा म्हणाला, आणि ते का कापलं गेलं. सासूबाई मध्ये मध्ये ‘हं’ करत होत्या. तिचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पण राजा असं बोलेल होय? मला नाही वाटत.”

विनीताने डोळे मिटून घेतले.

“बरं ते जाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “मला शेवट नीट कळला नाही. तो इतका तरुण गेला?”

“अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पाठीवर गळू झालं होतं.”

“आणि मग त्याचं ते सगळं? ग्रंथालय, ती मुलं, किल्ला?”

“मुलगा लहान होता, म्हणून कारभार राजाच्या सावत्र आजीच्या हातात गेला. तिने त्याची माणसं वेचून काढली. कुणाला हद्दपार केलं, कुणाला मारलं. बरंचसं पुसून टाकलं तिने.” विनीता थांबली. “फक्त सरकारी गुलामांना सोडायचं त्याच्या मनात होतं, ते तो गेल्यानंतरच्या वर्षी झालं. साठ-पासष्ट हजार माणसं सुटली. त्याच बाईच्या कारभारात.”

“मग झालं की काहीतरी.”

“त्याला कुठे कळलं, आई?”

पुण्यात कुकरची शिट्टी झाली. “त्या सुटलेल्यांना तर कळलं असेल,” सासूबाई म्हणाल्या, आणि मग इराची परीक्षा कधी आहे ते विचारू लागल्या.

विनीताने तारीख सांगितली. फोन ठेवल्यावरही तिचा राग गेला नव्हता. बेकिंगच्या शोचा पाचवा भाग सोमवारी द्यायचा होता. तिने लॅपटॉप उघडला आणि कणीक तिंबणाऱ्या बाईचा इंग्रजी आवाज बंद करून मूळ कोरियन आवाज लावला.