कुत्र्याच्या छत्र्या

आमचे हे माळकरी. एसटीच्या डेपोत इंजिनं उघडणारा माणूस, अंगाला कायम ग्रीसचा वास, पण गळ्यातली तुळशीची माळ कधी निघाली नाही आणि डब्यात कांदा-लसूण चालला नाही. मी चांदवडची, कांद्यावर वाढलेली. ह्यांच्यापायी कांदा सोडला, आता बोला!

मग ह्यांना कंपवात झाला. आधी उजवा अंगठा, मग अख्खा हात. नाशिकरोडच्या डॉक्टरांच्या गोळीने जरा सावरायचं, गोळीचा जोर ओसरला की पुन्हा थरथर. घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा मांडीवर. मी भरवायला गेले की तोंड फिरवायचे. "मी काय कुकुलं बाळ आहे?" मला वाटायचं, देवा, बाकी काही नको, ह्यांचा घास ह्यांच्या हाताने जाऊ दे.

आमचा मुलगा महेश मोबाइलवर काहीबाही बघतो. त्याने औषधी अळंबीच्या पावडरीचा डबा मागवला. ह्यांनी नुसतं हुंगलं आणि भडकले. "कुत्र्याच्या छत्र्या! माळकऱ्याला चारता?" आमच्यात अळंबी मटणाच्याच पंगतीला. डबा कपाटावर गेला.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "उंदरांवर प्रयोग झालेत, थोडं बरं दिसतंय. माणसांना गुण येतो असा पुरावा अजून नाही. घेतलीत तर मला सांगा, आणि गोळ्या अजिबात बंद करू नका." मी त्यातलं 'बरं दिसतंय' तेवढंच उचललं. घरी येऊन भुणभुण लावली. "माळ थोडे दिवस काढून ठेवा, बरे झालात की घाला परत. बरं होईल, मी सांगते ना!" भांडले, रडले, रुसून उपाशी झोपले. हे ढिम्म.

एका दुपारी ह्यांच्या हातून वरणाची वाटी उडाली आणि नात वेदिका खुदकन हसली. लहान आहे ती, तिला काय कळतं. ती खेळायला गेल्यावर हे म्हणाले, "कुसा, माळ काढ." त्यांच्या हातांना ती डोक्यावरून निघेना. मी काढली. मान खाली घालून बसले होते. लग्नात हार घालताना तरी कुठे एवढी वाकवली होती! मी पाणी कोमट करून पावडर कालवली.

पहिल्या पहिल्यांदा मला फरक दिसायचा. अहो, दिसायचाच! मग दिसेना. उन्हाळा सरेस्तोवर डावा हातही थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "आजार पुढे सरकतोय, आजी. पावडरीचा काही उपयोग झालेला दिसत नाही."

मला महेशचा राग आला, त्या मोबाइलचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. घरी येऊन म्हटलं, "पुरे झालं हे. महाराजांना बोलावते, माळ घालून घ्या."

हल्ली ह्यांचा चेहरा हलत नाही, नुसते डोळे बोलतात.

"माळ घातली की पावडर बंद," हे म्हणाले.

"बंदच करायची. काडीचा उपयोग नाही तिचा."

"दोन चमचे घेऊन बघू. महेशला दुसरा डबा मागवायला सांग."

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलं, ऐकलंत ना?"

"तू म्हणाली होतीस ना, बरं होईल?"

मी तोंडाला पदर लावला. लग्नापासून ह्यांनी माझं एक ऐकलं नाही, आणि ऐकलं ते हे. हे माझ्याकडे बघत वाट पाहत बसले होते.

"होईल," म्हटलं, आणि डबा उघडला.